सव्वा टक्का

साकीनाक्याला, तिसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात
आम्ही वास नसलेल्या हवेचा हिशोब ठेवतो.
खाली बटणांचा कारखाना, वर कुरियरवाले,
मध्ये मी, एक टेबल, एक सिलिंडर
आणि खोक्यातून आलेले
खाणीतले बावीस मीटर.

पावती न बघताही थोडंफार कळतं.
पाणी गळतं तिथल्यांच्या क्लिपा गंजलेल्या.
वाकून चालावं लागतं तिथल्यांची वरची कड घासलेली.
कोळसा सगळ्यांच्याच खाचांत,
जुन्या टूथब्रशनं काढावा लागतो.

मग मी त्यांना अडीच टक्के मिथेन पाजते.
त्यांनी अडीच म्हणायचं.
कुणी दोन पॉइंट एक म्हणालं
तर स्क्रू फिरवायचा. पुन्हा म्हण.
सव्वाला त्यांनी ओरडायचं असतं.
सव्वाला खाली वीज तोडतात, माणसं मागं घेतात.
पाचाच्या पुढं
तोडायला कुणी लागत नाही.

आज सतरा नंबर गप्प राहिला.
अडीच दिले. गप्प.
उघडला. जाळीच्या तोंडात बोळा,
बनियनच्या कापडाचा, चौकोनी कापलेला,
कडेनं सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन.
काम सुबक होतं, हे कबूल करायला हवं.
ज्यानं केलं त्याचा हात चांगला आहे.

मुन्शीसर म्हणाले, साफ कर, सर्टिफिकेट काढ,
गाडी चारला येते.

लटारीकाका आमच्या कॉलनीतले, बल्लारपूरकडचे.
छातीच्या तपासणीला परळला आले तेव्हा
आठ दिवस माझ्या असल्फ्याच्या खोलीत राहिले.
एकतीस वर्षं त्यांनी काठीनं खाणीचं छत ठोकून ऐकलं होतं.
पक्कं वाजलं तर बसा. भद्द वाजलं तर पळा.
सवय गेली नव्हती.
कलिंगड ठोकायचे, दार ठोकायचे,
झोपायच्या आधी छत्रीच्या टोकानं माझा स्लॅब.
त्यांना मी एकदा विचारलं होतं,
काका, मीटर कुणी मुद्दाम बंद करतं का?
ते चहा फुंकत म्हणाले,
"बोंबलते तं काम थांबते, बाई.
काम थांबलं तं टन कमी.
मंग शनिवारी साहेब त्यालेच इचारते,
तुयाच मीटर काऊन बोंबलते?"

शेऱ्याचा रकाना बोटभर आहे.
त्यात 'जाळी बंद, साफ केली' एवढंच मावतं.
'सतरा' लिहिलं तर
तिकडं दिव्याच्या खोलीत वही उघडेल,
कोणत्या पाळीला सतरा कुणाच्या कमरेला होता ते निघेल,
आणि एक चांगला हात घरी बसेल.
त्याच्या जागी दुसरा येईल.
बनियन त्याच्याकडंही असेल.

म्हणून कोरा कागद घेतला.
लिहिलं:
बावीसपैकी एकाच्या तोंडात बोळा होता.
कुणी घातला ते शोधू नका.
गेल्या महिन्यात मीटर किती वेळा ओरडले
आणि प्रत्येक वेळी ओरडल्यानंतर
वरून पहिला प्रश्न काय आला, ते शोधा.
"माणसं बाहेर आली का?" होता,
की "चालू कधी होणार?"
कागद खोक्यात टाकला तर हरवेल,
म्हणून सगळ्यात वरच्या सर्टिफिकेटला टाचला.
मुन्शीसरांनी पाहिला.
चष्मा काढला, पुसला, परत घातला.
टाचणी काढली नाही.

चारला पंधरा मिनिटं होती.
सतराला शेवटचं एकदा पाजलं,
हळूहळू, एक, एक पॉइंट एक,
सव्वा.
ओरडला. कानात घुसेल असा, पहिल्यांदाच बोलल्यासारखा.
मी लगेच बंद केला नाही.

खालून बटणवाल्यांनी
काठीनं त्यांचं छत ठोकलं, ठक ठक,
बंद करा म्हणून.
त्यांचं छत म्हणजे माझी फरशी.
सतरा ओरडत होता,
आणि मी चप्पल काढून
पायाखाली कसं वाजतंय
ते ऐकत उभी राहिले.